धाकटीचा कडता

माझ्या धाकट्या बहिणीचं वजन उतरलं, हे मला येळवशीच्या दिवशी कळलं आणि त्या दिवशीची भाज्या-डाळींची भज्जी मला गोड लागली नाही.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी निम्मं लातूर घराला कुलूप लावून शेतात जेवायला जातं. मी लग्न होऊन नांदेडला आले तरी येळवस चुकवत नाही. भावाने शेतात कडब्याच्या पेंढ्यांची खोपटासारखी कोप उभी केली होती, पूजा झाली होती, मी भावजयीबरोबर पानं वाढत होते. तेवढ्यात बांधावरून एक बाई चालत आली. सुती साडी, पायात बूट, चाल भराभरा. मी भावजयीला विचारलं, ही कोण पाव्हणी बोलावलीस? भावजय हसायला लागली. ती बाई जवळ आली आणि मला "आक्का" म्हणाली, तेव्हा मी ओळखलं.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. तिच्या गळ्याची हाडं दिसत होती आणि ती मला सरळ डोळ्यांत खुपली. सगळे तिला छान दिसतेस, दहा वर्षांनी लहान वाटतेस असं म्हणत होते. मी म्हणाले, "लई उतरलीस गं. तपासून घेतलंस का कुठं?"

सगळं तपासलंय आणि सगळं बरं आहे, असं तिने शांतपणे सांगितलं. मग ताटातला बाजरीचा उकडलेला उंडा अर्धा मोडून तिने माझ्या पानात ठेवला आणि म्हणाली, मला एवढा जात नाही. माझ्या पानात माझा एक होताच. मी तो खाल्ला आणि तिचा अर्धाही खाल्ला. रागाने खाल्लेलं पोटात जातच नाही, असं मला तेव्हा वाटायचं.

हे नीट सांगायचं तर आमच्या अप्पांच्या आडत दुकानापासून सुरुवात करायला हवी. लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, अप्पांची आडत होती, आता भाऊ बघतो. शेतकऱ्यांची पोती यायची, काट्यावर चढायची, मापाडी वजन मोठ्याने बोलायचा. माल ओला असला, त्यात माती किंवा काडीकचरा असला, की बोललेल्या वजनातून थोडं कापून धरायचे. त्या कापण्याला कडता म्हणतात. कडता किती धरायचा यावरून मोंढ्यात रोज वाद व्हायचे. आमच्या घरात हा शब्द मीठ-मिरचीसारखा होता. कुणी वाढवून बोललं की आई म्हणायची, हिच्या बोलण्याचा कडता धरून ऐका.

दिवाळीच्या पाडव्याला दुकानात काट्याची पूजा व्हायची. मुहूर्ताचं पोतं चढायच्या आधी अप्पा आम्हा भावंडांना काट्यावर उभं करायचे. कपाळाला भस्म, अंगात नवे कपडे, आणि भोवती हमाल, मापाडी, शेजारचे आडते. मी थोरली आणि काडीसारखी. मी चढायचे, मापाडी वजन बोलायचा, आणि अप्पा "उतर" म्हणायचे. संपलं. मग धाकटी चढायची. ती लहान असून माझ्यापेक्षा जड भरायची. मापाडी आकडा बोलला की दुकानभर हशा व्हायचा आणि तिचं तोंड रडवेलं व्हायचं. मग अप्पा गादीवरून हात वर करायचे. "कडता काप रे पोरीचा. फ्रॉकाचा काप. खिशातल्या शेंगांचा काप. आणि लाडकी हाय म्हणून अजून जरा काप."

सगळे पुन्हा हसायचे. अप्पा तिला उचलून गादीवर शेजारी बसवायचे. मी खाली दाराशी उभी. माझ्यासाठी अप्पांनी कधी काही कापलं नाही, कारण माझ्यात कापण्यासारखं काही नव्हतंच. एका वर्षी मी मुद्दाम परकराच्या खिशात दगड भरून काट्यावर चढले. मापाड्याला कळलंही नाही, अप्पांनाही नाही. आकडा बोलला गेला आणि अप्पा म्हणाले, उतर. ते दगड मी घरी येऊन न्हाणीच्या मागे फेकले आणि त्या रात्री धाकटीशी बोलले नाही.

म्हणजे धाकटी जाड होती तेव्हाही मी तिच्यावर जळत होते आणि बारीक झाली तेव्हाही जळले. मला खूश ठेवणं तिला कधीच जमलं नसतं.

फक्त एका गोष्टीवर माझं समाधान होतं. आमच्या घरात धाकटी म्हणजे जाड आणि मी म्हणजे बारीक, हे ठरलेलं होतं. नांदेडला आल्यावर दोन बाळंतपणं झाली, सासूबाईंच्या हाताखाली गव्हाची हुग्गी आणि पुरण घोटून घोटून हात भरले, यांची नोकरी, मुलांचे डबे, दुपारचा चहा, त्याबरोबर काहीतरी, असं करत करत मी चांगली दुप्पट झाले. पण मनातली मी तीच काडी. वाटेत कुणी "जाड बाई" म्हणालं तर मी वळून बघायचे की बोलतायत कुणाबद्दल. लग्नकार्यात फोटोला उभं राहायची वेळ आली की मी धाकटीच्या शेजारी जागा धरायचे. तिच्या शेजारी मी बारीक दिसायचे. एवढ्यासाठी मी तिला दर खेपेला धपाटे, शेंगाची पोळी, तुपातले लाडू घेऊन जायचे आणि आग्रहाने खाऊ घालायचे. त्याला मी माया म्हणायचे. थोडी मायाही होती.

आणि अशी ती बाई मला न सांगता, न विचारता बारीक झाली. आता फोटोत मी कुणाच्या शेजारी उभी राहू?

येळवशीहून परत आल्यावर थोड्याच दिवसांत माझ्या डोळ्यांपुढे मधूनच धूसर व्हायला लागलं. नांदेडच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, साखर काठावर आहे. वजन उतरवलंत तर अजून मागे फिरता येईल, नाही उतरवलंत तर ती डोळ्यांवर जाईल. त्यांना माहीत नव्हतं की माझ्या आईचे डोळे साखरेनेच गेले होते. शेवटची वर्षं आई आम्हाला मनगटावरून ओळखायची. हात हातात घेऊन अंगठ्याने हाड चाचपायची आणि हाड लागलं की म्हणायची, ही थोरली. मऊ लागलं की, ही धाकटी. दवाखान्याच्या जिन्यात मी माझंच मनगट धरून बघितलं. आई असती तर तिने मला धाकटीच म्हटलं असतं.

एवढं भिण्यासारखं ऐकूनही माझ्या मनात पहिला विचार डोळ्यांचा आला नाही. पहिला विचार आला तो असा की हे आता धाकटीला कळणार.

तिला कळलंच. ती रोज सकाळी फोन करायला लागली. आपण कशी सुरुवात केली ते सांगायची. भाकरी एक कमी, रात्रीचं जेवण लवकर, सकाळी फिरणं. मी हो हो म्हणायचे आणि मनात म्हणायचे, तुझ्या नवऱ्याचं दुकान घरालगत, तुझी मुलं बाहेर शिकायला, सासू नाही, तुला काय जातंय बारीक व्हायला. तिच्या प्रत्येक किलोमागे मी एक कारण शोधून ठेवलं होतं. तिच्या मेहनतीतून कापत कापत शेवटी मी तिच्या हाती काहीच शिल्लक ठेवत नव्हते.

मीही सुरुवात केली नाही असं नाही. यांनी काचेचा वजनकाटा आणून दिला. मी त्यावर रोज चढायचे. पण अप्पांची लेक. दिसला तो आकडा जसाच्या तसा घ्यायची सवय नाही. साडीचं वजन कापायचे. पाटल्यांचं आणि मंगळसूत्राचं कापायचे. केस ओले असतील तर तेही, नुकतंच पाणी प्यालेलं असेल तर तेही. एवढं कापून जो आकडा उरायचा तो मी धाकटीला सांगायचे आणि ती खरंच खूश व्हायची. तिचं खूश होणंही मला टोचायचं.

खाण्यालाही मी कडता लावला होता. उभ्याने खाल्लेलं धरायचं नाही. फुटलेला लाडू धरायचा नाही, तो कुणालाच देता येत नाही. मुलांच्या ताटात उरलेलं टाकवत नाही, म्हणून ते धरायचं नाही. महादेवाचा प्रसाद धरायचा नाही. प्रवासातलं तर मुळीच नाही, त्यामुळे लातूरला जाताना अहमदपूरच्या स्टँडवर बस थांबली की मी निर्धास्तपणे भजी घ्यायचे. सोमवारी उपवास करायचे आणि भगर, शेंगदाण्याची आमटी, वर साबुदाण्याच्या पापड्या असं खाऊन डॉक्टरांना सांगायचे की आठवड्यातून एकदा काही खात नाही.

फिरायला जाणं हे सगळ्यांत अवघड होतं. चालणं अवघड नव्हतं, दिसणं अवघड होतं. वजिराबादेच्या बाजारातून बूट आणले, पण साडीखाली ते बूट घालून गल्लीतून जाताना मला वाटायचं प्रत्येक खिडकीत कुणीतरी आहे. गोदावरीच्या घाटावर गेले तर तिथे बारीक बायकाच जास्त. ज्यांना चालायची गरज नाही त्याच चालत होत्या. मी एका बाकावर बसायचे, त्यांच्या कमरा बघायचे आणि परत यायचे. एकदा एका ओळखीच्या बाईने विचारलं, तुमची लातूरची बहीण किती छान दिसायलीय, तिनं काय केलं हो? मी त्या दिवशी वाटेतच खव्याच्या गरम जिलब्या बांधून घेतल्या. घरच्यांसाठी म्हणून घेतल्या होत्या. घरच्यांना दोन मिळाल्या.

पावसाळा संपता संपता डॉक्टरांकडे गेले. त्यांनी वजन विचारलं, मी माझं कापलेलं सांगितलं. मग त्यांनी काट्यावर उभं केलं. आकडा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. साखर आधीपेक्षा वर गेली होती. त्यांनी गोळी लिहून दिली आणि डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवून यायला सांगितलं. परत येताना रिक्षात मला आईचा अंगठा मनगटावर फिरल्यासारखं वाटलं. मी घाबरले. पण धाकटीला फोनवर सांगितलं, सगळं छान आहे.

यंदा पाडव्याला हे मला घेऊन लातूरला आले. भावाने दुकानात काट्याची पूजा मांडली होती. अप्पा आता फार थकलेत, पण पाडव्याला त्यांना उचलून का होईना दुकानात आणावंच लागतं. पांढऱ्या चादरीच्या गादीवर लोडाला टेकून बसले होते. जुना काटा जाऊन लाल आकड्यांचा काटा आला आहे, बाकी सगळं तेच. हमाल, मापाडी, शेजारचे आडते, पेढ्यांचं ताट. नातवंडं एकेक करून काट्यावर चढली. मग भाऊ थट्टेने म्हणाला, आता पोरींनी चढायचं.

धाकटी लगेच चढली. बूट काढले नाहीत की पदर सावरला नाही. मापाडी आकडा बोलला. अप्पांना आता कमी ऐकू येतं, कोण चढलंय एवढं त्यांना दिसलं असावं. त्यांचा हात आपोआप वर झाला. कडता काप रे पोरीचा, ते म्हणाले.

"नको अप्पा," धाकटी मोठ्याने म्हणाली. "हाय तेवढंच धरा."

अप्पांचा हात तसाच थोडा वेळ वर राहिला आणि मग खाली आला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ज्याच्यासाठी मी खिशात दगड भरले, ते हिला म्हातारपणीही आयतं मिळतंय आणि ही नको म्हणतेय. ती उतरून माझ्याजवळ आली तेव्हा मी दबक्या आवाजात तिला झापलं. म्हाताऱ्या माणसाचं मन मोडलंस, घेतला असतास तर तुझं काय जात होतं, लहानपणी तर बरी मिरवायचीस.

तिने माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, जरा नवलाने.

"मिरवायचे? आक्का, कडता ओल्या मालाला लागतो. मी तिथं उभी राहायचे अन् समदा मोंढा हसायचा. आकडा बोलल्यावर एकदा, अन् कडता कापताना दुसऱ्यांदा. तुझं वजन बोलायचे अन् उतर म्हणायचे. मी लई जळायचे तुझ्यावर."

तेवढ्यात भावाने मला हाक मारली. आता थोरली, तो म्हणाला. मागे फिरायची सोय नव्हती, कारण सगळे बघत होते. मी चढले. खाली काटा जरा हलला. लाल आकडे फिरले आणि थांबले, आणि मापाड्याने ते मोठ्याने वाचले. तो मुद्दाम नाही, सवयीने मोठ्याने बोलतो. मी इतकी भरेन असं कुणाला वाटलं नव्हतं.

आणि अप्पांचा हात वर झाला.

"थोरलीचा कडता काप रे," ते म्हणाले. "साडीचा काप. पाटल्यांचा काप. दूरवरून आलीय, दमलीय, त्याचा बी जरा काप."

हमाल हसले. वाईट मनाने नाही, लहानपणी धाकटीला हसायचे तसेच. माझे कान तापले. ज्याची आयुष्यभर वाट बघितली ते शेवटी मला मिळालं होतं, अप्पांच्याच तोंडून, सगळ्यांसमोर, आणि मला काट्यावरून उडी मारून पळून जावंसं वाटत होतं. रोज सकाळी काचेच्या काट्यावर मी हेच करत होते. कुणी हसायला नव्हतं एवढाच फरक. खाली धाकटी उभी होती. सगळ्या दुकानात ती एकटी हसत नव्हती.

"अप्पा, राहू द्या," मी म्हणाले. "जेवढं हाय तेवढंच."

अप्पांनी आम्हा दोघींकडे आळीपाळीने बघितलं. काहीसं पुटपुटले आणि पेढ्यांच्या ताटाकडे बोट दाखवलं. भावाने मुहूर्ताचं पोतं चढवायला सांगितलं. मी खाली उतरले. धाकटीने माझा हात धरला आणि तिचा अंगठा माझ्या मनगटावर टेकला. आईची सवय तिच्या हातात उतरली आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. तिला हाड लागलं नाही. ती काही बोलली नाही, आणि त्याबद्दल मी अजून तिची आभारी आहे.

त्या संध्याकाळी मी तिला खरं सांगितलं. गोळीचं, वाढलेल्या साखरेचं, डोळ्यांच्या डॉक्टरांचं, कापून सांगितलेल्या आकड्यांचं. जिलब्यांचंही सांगितलं. ती ऐकत राहिली. मला वाटलं आता उपदेश करेल. ती एवढंच म्हणाली की उद्यापासून मी विचारेन आणि तू साडीसकट सांगायचं.

तेव्हापासून हे असंच चालू आहे. सकाळी तिचा फोन येतो. मी काट्यावर चढते आणि दिसतो तो आकडा सांगते. "साडीसकट?" ती विचारते. मी साडीसकट म्हणते. ती "बरं" म्हणून फोन ठेवते. शाबासकी देत नाही की समजूत काढत नाही. सुरुवातीला त्या "बरं"चा मला फार राग यायचा. मग लक्षात आलं की खरं सांगितलेल्या आकड्यावर रुसून जिलबी खाता येत नाही, कारण दुसऱ्या दिवशी तीही सांगावी लागते. उभ्याने खाल्लेलं धरायला लागले तेव्हा कळलं की मी बसून जेवायचे त्याहून जास्त उभ्यानेच जेवत होते. घाटावर आता बाकावर बसत नाही. बारीक बायका अजून पुढे निघून जातात आणि मी त्यांच्याकडे अजून वाईट नजरेने बघते, पण चालता चालता बघते. डोळ्यांच्या डॉक्टरांनी आत काही बिघडलेलं नाही असं सांगितलं. वजन थोडं उतरलं आहे. फार नाही.

धाकटीवरचा माझा जळफळाट गेला का? नाही. ती अजून माझ्यापेक्षा बारीक आहे, अजून छान दिसते, आणि लग्नात लोक अजून तिलाच विचारतात. मला ते अजून खुपतं. फक्त आता मी तिच्या मेहनतीतून काही कापत नाही. ती सकाळी उठते आणि चालते, हे पूर्ण धरते.

मागच्या आठवड्यात तिच्या पुतणीचं लग्न उदगीरला झालं. ते उरकल्यावर सकाळी तिचा फोन आला, पण तिने माझा आकडा विचारला नाही. आपलं वजन वाढलंय, असं हळू आवाजात सांगितलं. खरं सांगते, मला आनंद झाला. छातीत कुणीतरी साखर ठेवल्यासारखा. आणि त्याच आनंदात माझ्या ओठांवर अगदी गोड बोल आले होते. अगं लग्नाघरचं खाणं, ते काय धरतेस, जरा कापून बघ. मी ते गिळले. पलीकडे ती थांबली होती.

"साडीसकट?" मी विचारलं.

"साडीसकट, आक्का."

"बरं," मी म्हणाले, आणि माझा आकडा बघायला काट्यावर चढले.